एक पाव आणि एक तिकीट

(मंडळाच्या मदतनिधी स्नेहभोजनाच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसाच बराचसा ठेवला आहे.)



मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय. अशा वेळी माइक हातात धरून उभ्या असलेल्या माणसाबद्दल श्रोत्यांच्या मनात काय काय येतं, ते आम्हाला श्रोते म्हणून चांगलं ठाऊक आहे. तेव्हा फार लांबण लावत नाही.

आज आपण पैसे कशासाठी जमवतोय ते पत्रिकेत छापलं आहेच. महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या शाळांमध्ये प्रयोगांचं साहित्य घेऊन जाणारी एक गाडी, आणि त्या गाडीबरोबर संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळ्या गावासाठी विज्ञानाची व्याख्यानं. सगळ्या गावासाठी म्हणजे मुलं, त्यांच्या आया, पारावर बसणारे आजोबा, सगळ्यांसाठी.

ही कल्पना आम्ही मंडळाच्या बैठकीत मांडली तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ काकांनी विचारलं, "अहो, गावात धड दवाखाना नाही, पोरांच्या पोटात वेळेवर अन्न नाही, आणि तुम्ही तिथं मेणबत्त्यांचे खेळ दाखवायला निघालात? आधी भाकरी द्या, मग विज्ञान!"

बैठकीत आम्ही काहीतरी उत्तर दिलं, पण आमचं आम्हालाच ते पटलं नाही. घरी जाताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. प्रश्न कुत्सित नव्हता, खरा होता. ज्यांनी उपाशी मुलं पाहिली आहेत अशा माणसाचा तो प्रश्न होता. आजचं हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा सुचलेलं उत्तर आहे. काका पहिल्या रांगेत बसले आहेत. पटलं नाही तर जेवताना त्यांनी आमचा कान धरावा.

गोष्ट इथलीच, लंडनची आहे. साल १८०१. धान्याचे भाव गगनाला भिडले होते. एका लोहाराचं कुटुंब होतं. बाप सारखा आजारी, त्यामुळे काम कधी होतं, कधी नव्हतं. शेवटी त्या कुटुंबाला सार्वजनिक मदतीवर राहावं लागलं. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा. पावाची एक लादी आणि आठवड्याचे सात दिवस.

त्या मुलाचं नाव मायकेल फॅरेडे.

शाळा जेमतेम झाली. लिहिणं, वाचणं, थोडी आकडेमोड. तेराव्या वर्षी एका पुस्तकवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागला, आणि १८०५ साली तिथंच सात वर्षांच्या उमेदवारीवर बुकबाइंडिंग शिकू लागला. दिवसभर पुस्तकं बांधायची आणि रात्री तीच वाचायची. त्यातलं एक पुस्तक होतं जेन मार्सेट या बाईंचं, रसायनशास्त्रावरच्या संभाषणांचं, १८०६ मध्ये प्रसिद्ध झालेलं. या बाई शास्त्रज्ञ नव्हत्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला जात. पहिल्यांदा सगळं डोक्यावरून गेलं. मग घरी येऊन ओळखीच्यांशी बोलून, प्रयोग करून पाहून समजून घेतलं, आणि आपल्यासारख्याच गोंधळलेल्या इतर लोकांसाठी पुस्तक लिहिलं. एका व्याख्यानाला गेलेल्या गृहिणीचं पुस्तक एका बाइंडिंगवाल्या पोराच्या हातात पडलं. व्याख्यान कुणाकुणापर्यंत पोचतं ते बघा.

पुढे शहरात टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्यानं देत. प्रवेश एक शिलिंग. एक शिलिंग म्हणजे अशा घरात थोडीथोडकी रक्कम नव्हे. ती कुणी दिली? थोरल्या भावानं, रॉबर्टनं. तोही बापासारखा लोहारच. स्वतः ऐरण बडवून मिळवलेल्या पैशातून त्यानं धाकट्याला व्याख्यानाला पाठवलं. आम्हाला या गोष्टीतला सगळ्यात मोठा दाता हा रॉबर्टच वाटतो. त्याच्या नावाची पाटी कुठे पाहिल्याचं आम्हाला आठवत नाही.

मग १८१२ साल. दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकानं या पोराला डेव्हींच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या त्या सभागृहात फॅरेडे वर गॅलरीत, घड्याळाच्या वरच्या बाजूला बसला. ऐकलेला शब्द न् शब्द टिपून घेतला, घरी नीट उतरवून काढला, आकृत्या काढल्या, आणि कसब हातात होतंच, त्याचं सुंदर पुस्तक बांधून वर्षाच्या शेवटी डेव्हींना पाठवून दिलं. डेव्ही खूश झाले, पण जागा नव्हती. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकलं, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडेला ती नोकरी मिळाली. मारामारीतून एवढं चांगलं सहसा निघत नाही.

१८३१ साली याच माणसानं दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवलं की तारेत वीज वाहू लागते. आज जगातली बरीचशी वीजकेंद्रं याच तत्त्वावर चालतात. हा माइक, हे दिवे, मागे भात गरम ठेवणारी ती शेगडी, सगळ्यांच्या मुळाशी ते वेटोळं आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं, हुशार पोरगा होता, वर आलाच असता. आम्हाला तसं वाटत नाही. कारण त्याच सभागृहाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना १७९९ ची. विज्ञानाचा उपयोग सर्वसामान्यांच्या रोजच्या जगण्यात व्हावा हा हेतू. इमारतीचं काम पाहणाऱ्या थॉमस वेब्स्टर यांनी कारागिरांसाठी एक वेगळा दगडी जिना बांधला होता. रस्त्यावरून थेट वरच्या गॅलरीत जाणारा. हातात हातोडा धरणाऱ्या माणसालाही आत येऊन व्याख्यान ऐकता यावं म्हणून. पण खालच्या वर्गातल्या लोकांना विज्ञान शिकवायचं म्हणजे काय, असा सूर लागला. कारागिरांना शिकवण्याचा बेत बारगळला आणि तो जिना पाडून टाकण्यात आला. पुढे डेव्हींच्या व्याख्यानांना उमरावांची आणि श्रीमंतांची एवढी गर्दी होऊ लागली की घोडागाड्यांच्या कोंडीमुळे आल्बेमार्ल स्ट्रीट हा लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता झाला, असं म्हणतात.

म्हणजे बघा, गाड्यांसाठी रस्त्याची सोय झाली, पण लोहाराच्या पोराचा जिना गेला. तो पोरगा तरी त्याच गॅलरीत जाऊन बसला, कारण कुणीतरी खिशातून तिकीट काढून त्याच्या हातावर ठेवलं. ते गिऱ्हाईक त्या दिवशी दुकानात आलंच नसतं तर? आणि असे किती फॅरेडे गॅलरीपर्यंत पोचलेच नसतील? त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. तिकीट न मिळालेल्या माणसांचा इतिहास लिहिला जात नाही.

(इथे आम्ही टेबलावर एक मेणबत्ती पेटवली. हॉलच्या केअरटेकरची परवानगी आधीच काढली होती. धुराचा भोंगा वाजला तर सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं राहून जेवावं लागेल, अशी तंबी त्यानं दिली होती.)

फॅरेडे मोठा झाल्यावर काय केलं? ज्या टेबलासमोर गॅलरीत बसून ऐकलं होतं, त्याच टेबलामागे उभा राहिला. १८२५ साली त्या संस्थेत तरुण मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं सुरू झाली. त्यातल्या एकोणीस मालिका एकट्या फॅरेडेनं दिल्या. दुसऱ्या महायुद्धातली १९३९ ते १९४२ ही वर्षं सोडली तर ती आजवर चालू आहेत. २०२५ मध्ये त्यांना २०० वर्षं झाली. १९६६ पासून ती दर वर्षी टीव्हीवर दाखवली जातात. आपल्यापैकी ज्यांची मुलं इथं वाढली त्यांनी नाताळच्या सुट्टीत ती पाहिली असतील.

त्याची सगळ्यात गाजलेली मालिका होती एका मेणबत्तीवर. ही अशीच मेणबत्ती. सहा व्याख्यानं, विषय एकच. आता इकडे बघा. मेणबत्ती फुंकली. वातीतून हा पांढरा धूर वर चाललाय. आता ही पेटती काडी वातीला लावायची नाही, वरती धुरात धरायची. बघा! ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर आली. (इथे मुलांनी "परत, परत" असा गलका केला. तीन वेळा करून दाखवावं लागलं.)

का झालं असं? कारण तो नुसता धूर नाहीये. ती मेणाची वाफ आहे. जळतं ते घट्ट मेण नव्हे, मेण वितळून, वातीतून वर चढून त्याची झालेली वाफ जळते. देवघरातल्या निरांजनाचंही तेच. आपण सगळ्यांनी आयुष्यभर ज्योती पाहिल्या, किती जणांनी त्यांच्याकडे असं पाहिलं होतं? जाहीर व्याख्यानाची खरी ताकद इथं आहे. घरातलीच वस्तू घ्यायची आणि तिच्याकडे दुसऱ्यांदा बघायला लावायचं.

आता थोडं आपल्या देशाकडे वळू. लंडनच्या याच संस्थेसारखं काहीतरी आपल्याकडे हवं, असा ध्यास कलकत्त्यातल्या एका डॉक्टरांनी घेतला. महेंद्रलाल सरकार त्यांचं नाव. १८७६ साली लोकांकडून वर्गण्या आणि देणग्या गोळा करून त्यांनी बहूबाजार स्ट्रीटवर विज्ञानाच्या संवर्धनासाठी संस्था काढली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. सरकारी खात्याचा हुकूम नको, आपल्या लोकांच्या पैशातून, आपल्या लोकांनी चालवायची. तिथं लोकांसाठी व्याख्यानं होत, प्रयोग दाखवले जात. विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा उभी राहिली.

पण डॉक्टरांना हवं होतं ते झालं नाही. व्याख्यानं होत राहिली, पण संस्थेत बसून आयुष्यभर संशोधन करील असा माणूस मिळेना. १९०४ साली डॉक्टर वारले ते बरेचसे निराश होऊनच.

आणि १९०७ साली, त्यांच्या मागे तीन वर्षांनी, अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी नेमणूक होऊन कलकत्त्याला आला. अजून विशीही गाठली नव्हती. दिवसभर सरकारी हिशेब. त्याला या संस्थेची पाटी दिसली, आत गेला. डॉक्टरांचे चिरंजीव अमृतलाल तेव्हा संस्थेचे सचिव होते. त्यांनी त्याला प्रयोगशाळा मोकळी करून दिली. कचेरीच्या आधी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर संध्याकाळी हा गृहस्थ तिथं प्रयोग करू लागला. चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ चा त्यांचा शोध त्याच संस्थेतला. १९३० मध्ये नोबेल मिळालं. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

देणगी देणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी ही गोष्ट घरी जाताना बरोबर न्यावी. अहवाल कधी मिळेल, फोटो कधी येतील, किती मुलांना फायदा झाला, असं आपण विचारतो. विचारलंच पाहिजे, हिशेब चोख हवा. पण या कामाचं खरं फळ कदाचित देणाऱ्याच्या हयातीत दिसणार नाही. डॉक्टर सरकारांना नाही दिसलं. त्यांनी दार मात्र उघडं ठेवलं होतं.

आता आमची स्वतःची एक गोष्ट. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा दक्षिणेकडून, कारवारच्या बाजूनं गेला, महाराष्ट्रात खंडग्रास दिसलं. आम्ही दोघंही तेव्हा शाळकरी, दोन वेगळ्या गावांतले. एकमेकांना ओळखतही नव्हतो. आमच्यापैकी एकाच्या घरी दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. पाण्यात तुळशीची पानं, स्वयंपाक बंद, बाहेर डोकावायचं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोकांनी बाहेर पडू नये, डोळ्यांना इजा करून घेऊ नये म्हणून दूरदर्शनवर त्या दुपारी हिंदी सिनेमा लावला होता. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सगळी आळी जमली होती. त्या वेळी वर आकाशात काय चाललंय हे कुणाला बघायचंच नव्हतं.

दुसऱ्याच्या गावात एक विज्ञानाच्या बाई होत्या. त्यांनी सात-आठ मुलांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. एका पुठ्ठ्याला दाभणानं बारीक भोक पाडलं आणि उन्हात धरलं. समोरच्या भिंतीवर सूर्याचं चित्र पडलं. गोल नव्हे, कडेला कुणीतरी घास घेतलेल्या भाकरीसारखं. सूर्याकडे एकदाही न बघता सबंध ग्रहण भिंतीवर पाहिलं. बाईंना दुसऱ्या दिवशी पालकांची बोलणी खावी लागली. पण त्या व्हरांड्यातलं पोरगं पुढे भौतिकशास्त्राकडे वळलं, आणि आज तुमच्यासमोर उभं राहून मेणबत्त्या फुंकतंय.

एकच दुपार, एकच सूर्य. फरक एका पुठ्ठ्याचा. आणि खरं सांगायचं तर पुठ्ठ्याचाही नव्हे, त्या बाईंचा.

अशी माणसं आणि अशा जागा महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटावा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. पुण्याच्या आयुका संस्थेत पुलंच्या स्मृतीसाठी सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून मुलांची विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथं अरविंद गुप्तांनी काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्वट्यूब आणि जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिथं विज्ञान दिनाला आसपासच्या गावांतली मुलं हजारोंनी येतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी २००९ मध्ये 'चाय अँड व्हाय' सुरू केलं. रविवारी सकाळी पृथ्वी थिएटरमध्ये चहा प्यायचा आणि विज्ञान ऐकायचं. तिकीट नाही, नावनोंदणी नाही.

आणि जयंत नारळीकर. इथं केंब्रिजला शिकलेले, नाव कमावलेले, आणि १९७२ मध्ये भारतात परत गेलेले. व्याख्यान संपलं की मुलं सहीसाठी गराडा घालायची. सर म्हणायचे, अशी सही देणार नाही. मला पोस्टकार्डावर एक विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. ते २० मे २०२५ रोजी गेले. किती घरांतून ती पोस्टकार्डं जपून ठेवलेली असतील! आम्हाला ही पद्धत फार आवडते. सही हवी असेल तर आधी प्रश्न सुचला पाहिजे.

प्रश्नाचं एवढं काय महत्त्व? आठवतंय का, २१ सप्टेंबर १९९५? गणपती दूध प्यायला तो दिवस. भारतात तर रांगा लागल्याच, पण इथं साउथॉलच्या मंदिरातही लागल्या. आमच्यातल्या शिकल्यासवरल्या, इंजिनियर, डॉक्टर माणसांनी चमचे धरले. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी काय केलं? दुधात रंग मिसळला आणि चमचा मूर्तीला लावला. दूध कडेवर ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतं, हे रंगामुळे सगळ्यांना दिसलं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध दिसत नव्हतं, एवढंच.

आपल्यालाच असं होतं असं समजू नका. १८५३ साली इंग्लंडमध्ये टेबलं फिरण्याची साथ आली होती. चार माणसं टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल आपोआप सरकू लागे. लोक म्हणत, आत्मे हलवतात. फॅरेडेनं कुणाची टिंगल केली नाही. हात आणि टेबल यांच्या मध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थानं जोडून ठेवले. टेबल आधी हललं असतं तर खालचे थर पुढे गेले असते. प्रत्यक्षात वरचे थर जास्त सरकलेले निघाले. म्हणजे आधी हात हलले, मग टेबल. लोक खोटं बोलत नव्हते, आपण ढकलतोय हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. मग त्यानं त्यांच्या डोळ्यांसमोर काटा ठेवला, हात हलला की लगेच दाखवणारा. काटा दिसू लागल्याबरोबर टेबल फिरायचं थांबलं.

फॅरेडे स्वतः अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होता, हे मुद्दाम सांगतो. तेव्हा हा देवावरच्या विश्वासाशी भांडण्याचा प्रश्न नाही. 'मला दिसलं' आणि 'मी तपासलं' यांत फरक असतो, तो कळण्याचा प्रश्न आहे. गावात कुणी भोंदू येऊन आजारी मुलाच्या आईकडून पैसे उकळू लागला, तर हा फरक कळलेली एखादी मुलगी घरात असणं ही काही चैन नव्हे. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर हेच गावोगाव जाऊन सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. प्रश्न विचारायला शिकवण्याची किंमत काही जणांनी अशी मोजली आहे. आपल्याला तर फक्त चेक फाडायचा आहे.

आता आमच्या फजितीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं फार सोपं वाटेल. आपल्या मंडळाच्या मुलांसाठी आम्ही रविवारचा विज्ञानाचा तास सुरू केला तेव्हा पहिल्या दिवशी विषय घेतला 'विश्वाची उत्पत्ती'. चाळीस स्लाइड्स केल्या. दहा मिनिटांत तीन मुलं झोपली, दोघं पडद्यामागे लपली आणि एकीनं विचारलं, "स्नॅक्स कधी आहेत?" आम्ही हिरमुसून प्रोजेक्टर बंद केला. त्या दिवशी पुऱ्या होत्या. एका मुलानं हातातल्या पुरीकडे बघत विचारलं, "ही फुगते का?"

झालं! सगळी वरात स्वयंपाकघराच्या दारात. पुरी तेलात पडली की बाहेरचा पापुद्रा पटकन शिजून घट्ट होतो. आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, ती दोन पापुद्रे दूर ढकलते. आम्ही सांगितलं आणि विचारलं, हे खरं कशावरून? मुलं गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "भोक पाडून बघू." काकूंनी लाटलेल्या पुरीला टूथपिकनं भरपूर भोकं पाडली आणि तळली. फुगली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुरी न फुगल्याबद्दल टाळ्या मिळालेला तो बहुधा मराठी माणसाच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग असेल. चाळीस स्लाइड्सनी जे झालं नाही ते एका टूथपिकनं झालं, कारण प्रश्न त्यांचा होता आणि तपासलंही त्यांनीच.

म्हणून या निधीतून आपण मोठं सभागृह बांधणार नाही आहोत. आमच्या लहानपणच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट होतं. काचेची दारं, आत चकचकीत चंचुपात्रं, परीक्षानळ्या, एक सूक्ष्मदर्शक. आणि बाहेर कुलूप. "फुटेल" म्हणून सात वर्षांत ते उघडलेलं आम्ही पाहिलं नाही. कुणी तरी देणगी देऊनच ते साहित्य आलं असणार, दात्याचं नाव कपाटावर रंगवलेलं होतं. आपलं नाव अशा कुलपाच्या वर नको. तेव्हा पैसे जायचे ते गाडीच्या डिझेलला, फुटणाऱ्या नळ्या पुन्हा आणायला, आणि मुख्य म्हणजे ते साहित्य मुलांच्या हातात देणाऱ्या माणसांच्या मानधनाला. नळ्या फुटल्याचा खर्च हिशेबात दिसला तर आनंद माना. म्हणजे कुणीतरी त्या हातात धरल्या.

पैशाबरोबर आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक, नाताळात भारतात जाल तेव्हा लग्नं आणि खरेदी यांतून एक दिवस काढा, आपल्या मूळ गावच्या शाळेत जा. आपलं काम काय आहे ते मराठीतून सांगा. तुम्ही परिचारिका असा, संगणकवाले असा, नाहीतर बस चालवत असा, तुमच्या कामात विज्ञान आहे. आणि सांगून झाल्यावर मुलांचे प्रश्न ऐकायला थांबा. दुसरी गोष्ट, इथं आपल्या दाराशी जे आहे ते घ्या. लंडनचं ग्रेशॅम कॉलेज १५९७ पासून लोकांना मोफत व्याख्यानं देत आलंय. आपल्यातल्या किती जणांनी ते दार पाहिलंय? आम्हीही इथं आल्यावर नऊ वर्षांनी पाहिलं. आपल्यासाठी जिना आहे, आपणच चढत नाही.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आधी भाकरी की आधी विज्ञान? फॅरेडेला आठवड्याचा पाव दिला नसता तर तो तिकीट घ्यायला जगलाच नसता. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि मंडळाचा शालेय भोजनाचा निधी आम्ही एका पैनं कमी करू देणार नाही. पण त्याला नुसता पाव मिळाला असता, भावाचं शिलिंग आणि त्या गिऱ्हाइकाचं तिकीट मिळालं नसतं, तर तो एक पोट भरलेला, उत्तम पुस्तकं बांधणारा माणूस म्हणून जगला असता. त्यात वाईट काही नाही. फक्त आपण कदाचित आणखी बरीच वर्षं मेणबत्तीच्या उजेडात जेवत राहिलो असतो. पाव आणि तिकीट, दोन्ही दुसऱ्याच्या हातून आलं. एका हातानं एक द्यायचं म्हणून दुसरा हात खिशात कशाला ठेवायचा?

तुमच्या टेबलावर जे पाकीट ठेवलंय त्याच्या आकाराचं काही नाही. एक शिलिंगही चालतं, लोहाराच्या मुलानं दिलेलं. दाराशी आपले स्वयंसेवक उभे आहेत. आणि मुलांनो, जेवणानंतर टूथपिकचा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. काकूंना विचारून घ्या.



चला, पानं वाढली आहेत.